काजळीचे ओठ

अन्वय पत्की पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. येण्याआधी त्याने फोन करून विचारलं होतं आणि आल्यावर चपला दाराबाहेर काढल्या होत्या, एवढ्यावरच मला तो आवडून गेला. तिशीचा असेल. मेथीची जुडी बाजूला सरकवून त्याने पाण्याच्या तांब्याला टेकवून एक पातळ पडदा उभा केला.

"ताई, हा आवाज कोणाचा ते सांगा."

पडद्यावर काळ्या खडकातली एक गुहा होती. तिच्या तोंडाशी सोळा वर्षांची एक सावळी मुलगी बसली होती, डोळे मोठे, केस मोकळे. शेजारी पांढऱ्या झग्यातली एक गोरी मुलगी. सावळी मुलगी जरा लाजत म्हणाली, "इरा, मला तुझ्यासारखी वेणी घालून देशील?"

"ही काजळी," मी म्हटलं. "आणि आवाज माझा. पण हे वाक्य मी कधीच बोललेले नाही."

"तीच तर अडचण आहे," अन्वय म्हणाला.

'चंद्रघाट' ही मालिका आज किती जणांना आठवत असेल? तिला आता पन्नास वर्षं होत आली. घाटमाथ्यावरच्या एका निवासी शाळेमागे गुहा, गुहेत बुडालेलं राज्य, त्या राज्याची चेटकीण आणि तिच्याशी लढणारी शाळेतली मुलं. रविवारी सकाळी लागायची. तेरा-चौदा वर्षांच्या पोरापोरींसाठी मराठीत तोवर असं काहीच नव्हतं. बालनाट्यं त्यांना बाळबोध वाटत आणि मोठ्यांच्या मालिकांत सासवासुना. म्हणून साऱ्या गल्ल्या त्या वेळात सामसूम होत.

त्यातली पात्रं कशी होती हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. इरावती गोरी, लांब केसांची, वाऱ्याशी बोलणारी. तिला कधी भूक लागायची नाही. समरजितच्या कपाळावर एक बट आणि हातात तलवार. एक चष्मेवाला, त्याला सगळं ठाऊक. लाडू नावाची जाडी मुलगी; तिचं काम खाणं आणि घसरून पडणं. आणि काजळी. ती सावळी, म्हणून चेटकिणीची हेर. चेटकिणीची म्हणून सावळी की सावळी म्हणून चेटकिणीची, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही. रंगपटात इरावतीला पावडरचा थर द्यायचे आणि काजळीच्या मुळातल्याच सावळ्या तोंडावर आणखी काजळ फासायचे.

चित्रीकरण कोल्हापूरकडच्या एका दगडखाणीजवळ चाले. शेजारी जनरेटर धडधडत असे, त्यामुळे तिथे आवाज घेता यायचा नाही. चित्रफिती पुण्याला येत आणि एका तळघरात, भिंतींना गोधड्या लावून, पंखा बंद करून आम्ही त्यांना आवाज देत असू. पैसे बेताचे, म्हणून तिन्ही मुलींचे आवाज मीच काढायचे. इरावतीसाठी ओठांवर हसू ठेवून बोलायचं. लाडूसाठी गालात सुपारी. काजळीसाठी दात मिटून जीभ टाळ्याला घासायची, की शब्दाआधी सापासारखा एक फुत्कार निघे.

तिघींत काजळी माझी लाडकी. इरावतीत करायला काही नव्हतंच. सोज्वळपणा एकदा जमला की हात बांधून बसायचं. काजळीत मात्र माझी सगळी विद्या पणाला लागे. तिने गुहेचं दार लावून मुलांना आत कोंडलं, "आता तुम्हाला उजेड कधीच दिसणार नाही!" म्हणाली आणि हसली, तो भाग लागला त्या आठवड्यात मंडईत, शाळांत, बसथांब्यांवर पोरं तेच हसत होती. मी भाजीवाल्याला त्या आवाजात "गवार कोवळी आहे ना?" विचारलं तर बिचाऱ्याच्या हातातला तराजू हलला. मला कुणी ओळखत नसे. डबिंगवाल्याचं सुख म्हणतात ते हेच. वर्षभर कोंदट तळघर, थर्मासमधला गार झालेला चहा, आणि बाहेर पडल्यावर रस्त्यावर आपलाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं. त्याहून चांगले दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा आले नाहीत.

"पुन्हा काढताय म्हणे मालिका," मी अन्वयला म्हटलं. "पण मग आम्हाला का नाही बोलावलं?"

"काढत नाही, ताई. ती उगवते."

मग त्याने मला समजावलं. नीट समजावलं, घाई न करता.

दही लावायला जुन्या दह्याचं चमचाभर विरजण लागतं, तसं त्यांचं यंत्र जुन्या मालिकेतून पात्राचं विरजण घेतं. कोणतं पात्र कुठे थांबतं, कुणाचं नाव ऐकून श्वास रोखतं, रागावलं की आधी मान फिरते की डोळे, हे सारं मोजून त्या पात्राचा स्वभाव बांधतं. मग त्या स्वभावाला नव्या प्रसंगात सोडून दिलं की पुढचं ते पात्रच बोलतं आणि वागतं. भाग आधी तयार करून ठेवलेलाच नसतो. बघणाऱ्यासमोर, बघता बघता तो तयार होतो.

"पण तुमच्या चित्रफितींना बुरशी लागली होती," तो म्हणाला. "चेहरे फिसकटलेले. म्हणून यंत्राने डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवला. आणि ताई, माणूस आवाज कितीही बदलू दे, गळा बदलू शकत नाही. कंठापासून ओठांपर्यंतचं अंतर, नाकातली पोकळी, वाक्याच्या कुठल्या शब्दाआधी श्वास घ्यायचा ती सवय, हे बोटांच्या ठशांसारखं असतं. यंत्राने इरावती ऐकली, लाडू ऐकली, काजळी ऐकली आणि ठरवलं, की ही एकच मुलगी आहे. चेहरे तीन."

मला हसू आवरेना. "मग?"

"मग काय! तिघींना मिळून एकच स्वभाव दिला. इरावती रुसते. लाडू सगळ्यांना हुकूम सोडते, परवा तर तिने समरजितची तलवारच काढून घेतली. आणि काजळी वेणी घालून मागते."

"मुलांना आवडत नाही का?"

"मुलं बघतायत. ओरडतायत ते त्यांचे आईबाप. लहानपणी परत लागली तेव्हा बघितलेली 'चंद्रघाट' पोरांना दाखवायला बसले आणि काजळी रडताना दिसली. 'आमचं बालपण नासवलं' म्हणून रोज तक्रारी. आमच्याकडे नियम आहे, ताई. पात्र पडद्यावर येताक्षणी कसं आहे ते कळलं पाहिजे. नाहीतर बघणारा उठून जातो, असं आकडे सांगतात."

म्हणून तो माझ्याकडे आला होता. मी पुन्हा एकदा माईकसमोर बसायचं, तिघींना तीन टोकांना नेऊन बोलायचं, म्हणजे यंत्राला शिकवता येईल की ही इरावती, ही लाडू आणि ही दुष्ट. त्याच गळ्याने शिकवलं तरच ते ऐकणार होतं. शिवाय कायद्यानेही माझा होकार लागत होता, तो घ्यायचा आधी राहूनच गेला होता. चेहरे जुन्या करारातच देऊन झाले होते, पण आवाजाबद्दल त्यात काही नव्हतं, आणि ज्याचा आवाज त्याचा हक्क, हा कायदा झाल्याला आता बरीच वर्षं झाली.

सत्तरी उलटलेल्या बाईला कुणी पुन्हा माईकसमोर बोलवावं! मी मेथी तशीच सोडून त्याच्यासाठी शिरा केला. होकार तर शिरा हलवता हलवताच दिला.

ही बातमी वैजूला समोरासमोर सांगायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजची बस पकडली. वैजयंता लोहार म्हणजे पडद्यावरची काजळी. मालिका संपल्यावरच्या जेवणात आम्ही पहिल्यांदा भेटलो. तिने आपलं ताट घेऊन माझ्याशेजारी बसत विचारलं होतं, "माझ्या तोंडात जीभ घालणारी ती बाई तुम्हीच न्हवं?" तेव्हापासूनची मैत्री.

"ये की आक्का, दारात काय उभी राहिलीस पाहुण्यासारखी," तिने हाताला धरून आत ओढलं. घरात पडदा लावलेला होता आणि समोर तिची नात ऋतिजा बसली होती. नववीतली, आजीसारखीच सावळी आणि मोठ्या डोळ्यांची.

'चंद्रघाट'नंतर वैजूला कामं आली ती चेटकिणीची, भुताची आणि विष घालणाऱ्या मोलकरणीची. ती कंटाळली आणि एसटीत कंडक्टर झाली.

"एक मात्र झालं," ती नेहमी सांगे. "माझ्या गाडीत कधी कोण विनातिकीट बसलं न्हाई. काजळीला फसवायची छाती कुणाची हाय?"

तिला बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांबरोबर एक लहान पोरगं होतं. तिला बघून त्याने जे भोकाड पसरलं, ते पाहुणे पोहे न खाताच उठले. हेही ती हसतच सांगायची. तिच्या बरोबरीने मीही हसायचे.

"आज्जी, वेणीचा भाग लावू?" ऋतिजाने विचारलं.

"लाव. आक्कालाबी दाव."

इरावतीने काजळीचे केस तीन पेडांत विभागले. लाडू शेजारी बसून "घट्ट घाल, घट्ट, नाहीतर सुटेल" असं दटावत होती. माझे तीन आवाज एकमेकांशी कुजबुजत होते. मी बघत राहिले.

"तुला आवडतं हे?" मी ऋतिजाला विचारलं.

"डोकं लावावं लागतं, पण बघावंसं वाटतं. बाकीच्या मालिकांत काळी मुलगी आली की आम्ही आधीच सांगतो, ही धोका देणार. जाडी आली की ही हसवणार. हिच्यात कळतच नाही." मग आजीकडे बघून म्हणाली, "जुने भाग परत लागले होते तेव्हा वर्गात मला काजळी म्हणायचे. म्हणजे चिडवायला. आताही म्हणतात. पण आता शेजारी बसायला जागा धरतात."

ती क्लासला गेल्यावर मी वैजूला सगळं सांगितलं. यंत्राची चूक, अन्वय, माझा होकार. सांगताना माझा आवाज आनंदाने चढत गेला आणि मग मलाच तो ऐकू आला.

वैजू पदराने चष्मा पुसत होती. "म्हंजे मी परत दार लावून खदाखदा हसणार."

"तसंच काहीसं."

"तू हो म्हणालीस?"

"म्हटलं."

"मग कर. तुला बोलावलंय, जा. मला कोण बोलावतंय?" तिने हे रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती चहा टाकायला उठली.

स्टँडवर मला सोडायला आली तेव्हा बस लागलेली होती. पायरीवर पाय ठेवला तशी ती म्हणाली, "आक्का, एक सांगू? तो वेणीचा भाग मी रोज बघते. टीव्हीत माझ्या केसाला कुणी मायेनं हात लावलेला पहिल्यांदाच बघितला. बाकी समद्यांनी झिंज्याच धरल्या. बस आता, दार लावतोय तो."

अन्वयच्या स्टुडिओत गोधड्या नव्हत्या आणि पंखा बंद करायची गरज नव्हती. थंड हवा कुठून येते तेही कळत नव्हतं. पण माईक तोच, काळ्या जाळीचा. त्याच्यासमोर बसले आणि पाठ आपोआप ताठ झाली. इरावती चार वाक्यांत जमली. अन्वय काचेपलीकडे टाळ्या वाजवू लागला.

"आता काजळी घेऊ," तो माझ्या कानात म्हणाला. "दाराचा प्रसंग. फक्त एक गंमत आहे, ताई. चित्र आम्ही आता पुष्कळ साफ केलंय, त्यामुळे यंत्राला ओठ वाचता येतात. काजळीचे ओठ तुमच्या ओळीशी जुळतच नाहीत."

"कसे जुळतील! तिथे आवाज घेतच नव्हते ना. मग मुलं तोंड हलवायला काहीही म्हणायची. कुणी पाढे म्हणायचं, कुणी शिव्या द्यायचं. ओठ किती वेळ हलतात तेवढं बघून मी ओळ बसवायचे."

"हो का? मग ही काय म्हणत असेल?"

त्याने विचारलं आणि पडद्यावर, काजळीच्या चेहऱ्याखाली, यंत्राने अक्षरं मांडली. 'माझा नंबर आलाय का बघून या की कुणीतरी. जावा की शाळेत.'

मला काही उमगेना. तिथूनच वैजूला फोन लावला.

"दार लावायच्या वेळी तू काय बोलत होतीस गं?"

"मला काय आठवतंय! काय पण बोलायचो तवा. मागं एकदा आख्ख्या भागात शेंगदाण्याच्या चटणीची कृती सांगितली हुती मी."

मी अक्षरं वाचून दाखवली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, दुसरीही झाली. वैजूने गॅस बंद केला नाही.

"अगं आई गं," ती म्हणाली. "दहावीचा निकाल हुता त्या दिवशी. मी हिकडं खाणीत, आणि शाळा गावात. तवा काय फोनवर कळायचं? शाळेत जाऊन नंबर बघायला लागायचा. सकाळपासनं मी एकेकाच्या पाया पडत हुते, कुणीतरी सायकलवर जावा म्हणून."

"मग कुणी गेलं?"

"गेलता की. एक स्पॉटबॉय दुपारीच बघून आलता. पण आपल्या इनामदार सरांनी समद्यांना दम देऊन ठेवलता, पॅकअप होईस्तोर हिला सांगायचं न्हाई. हिची नजर अशीच पाहिजे मला, सांगितलं की जाईल. ऊन उतरल्यावर सांगितलं. पास झाले हुते." मग तिने गॅस बंद केला. "नजर मात्र बेस आली म्हणत हुते सगळी."

इनामदार सर आमचे दिग्दर्शक. त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

फोन ठेवला. अन्वयने सगळं ऐकलं होतं. तो हलकेच म्हणाला, "ताई, आपली ओळ घ्यायची? आणि हसणं."

मी पाण्याचा घोट घेतला, दात मिटले आणि जीभ टाळ्याला लावली. शिंक यावी तसा तो आवाज गळ्यात तयार होता. "आता तुम्हाला उजेड कधीच दिसणार नाही!" आणि हसले. पन्नास वर्षांत एक धागाही उसवला नव्हता.

"बाप रे," अन्वयने बाह्या वर करून दाखवल्या. "काटा आला बघा! मी जेवलो नाही की आई हीच काजळी बोलवायची."

त्याने आवाज चित्रावर बसवून दाखवला. आधी मी मुका तुकडा पाहिला होता, त्यात एक मुलगी कुणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून उभी होती. आता तीच मुलगी, तेच डोळे, तोच खडक. चित्रातलं काहीही बदललं नव्हतं. पण माझा फुत्कार आला आणि त्या डोळ्यांत विष दिसायला लागलं. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. का खोटं बोलू, वाटला. उभ्या महाराष्ट्राला मी नुसत्या जिभेने पटवलं होतं, की निकालाची वाट बघणारी पोरगी चेटकीण आहे.

"पुसून टाक," मी म्हटलं.

"परत घ्यायचंय? छान झालंय की!"

"छान झालंय म्हणूनच पुसून टाक. काजळीला माझा आवाज नको. आणि इरावतीचंही आत्ता घेतलेलं पूस. इरावती आणि लाडू आहेत तशाच राहू देत, एका स्वभावाच्या. यंत्राचं काही चुकलेलं नाही. त्या दोघी मिळून मीच आहे."

तो काच ओलांडून आत आला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. "ताई, असं नका करू. मला वर उत्तर द्यायचंय. काजळी काय मुकी ठेवू?"

"तिला तिचा आवाज आहे की. गडहिंग्लजला."

"त्या आता साठीच्या पुढे असतील."

"मी बहात्तराव्या वर्षी इरावती केली, तेव्हा टाळ्या वाजवल्यास."

"लोक आणखी ओरडतील. म्हणतील, आमची काजळी द्या."

"त्यांची काजळी जुन्या भागांत आहे, ती कुठे पळून जात नाही. मलाही आठवण आली की मी तिथेच जाऊन ऐकेन. ही नवी पोरांसाठी आहे ना? मग त्यांना डोकं लावू दे."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर माझा होकार परत घेते. तिघी मुक्या."

हे मी चढ्या आवाजात म्हटलं, पण म्हणता म्हणता लक्षात आलं, की आता माझं इथे काही काम उरत नाही. त्या खुर्चीतून उठायला मला थोडा वेळ लागला.

त्याच्या वरच्यांशी त्याचं दोन दिवस बोलणं चाललं. शेवटी एवढं ठरलं, की दाराचा एकच प्रसंग वैजूच्या आवाजावर उगवू देऊन बघायचा. जमलं तर ठीक. नाही जमलं तर काजळी मालिकेतून कायमची काढून टाकायची. मग वेणीही नाही आणि दारही नाही. मी हे वैजूला लपवून न ठेवता सांगितलं.

"म्हंजे परत परीक्षाच म्हण की," ती म्हणाली.

ती इस्त्रीची जांभळी साडी नेसून, ऋतिजाचे हेडफोन पिशवीत घालून आली. ते लागणार नाहीत हे तिला पटेना. अन्वय वाकून नमस्कार करायला लागला तशी म्हणाली, "तूच न्हवं का तो, न जेवणारा? आक्कानं सांगितलंय मला. आज जेवलास का?"

"हो, आज्जी."

"बघ, अजून भितोय."

काचेआड बसल्यावर मात्र तिचं हसू गेलं. पडद्यावर तिचीच सोळा वर्षांची मूर्ती, उन्हात अनवाणी. पहिल्यांदा ओठ निसटले. दुसऱ्यांदा आवाज इतका मोठा लागला, की अन्वयने कानावरचं काढून ठेवलं.

"वैजू, एसटी नाही ही," मी या बाजूने म्हटलं. "मागच्या सीटपर्यंत नाही पोचवायचं."

"जन्म गेला ओरडण्यात, आता कुठनं आणू बारीक आवाज?"

"आणू नकोस. तेव्हा कुणाला विचारत होतीस, त्याला विचार."

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता हिला पडदा दिसणार नाही. पण ती बघतच नव्हती. तिने डोळे मिटले होते.

"माझा नंबर आलाय का बघून या की कुणीतरी," ती म्हणाली. "जावा की शाळेत."

म्हाताऱ्या गळ्यातून आलेलं ते वाक्य सोळा वर्षांच्या ओठांवर जाऊन असं बसलं, की कुठून जोडलंय ते मलाही दिसेना, आणि माझा तर तोच धंदा होता. पडद्यावरची काजळी दाराच्या कडीला हात लावून थांबली. तिथून पुढे जुनी चित्रफीत संपत होती. आता जे होईल ते यंत्राचं होतं, ते तिथल्या तिथे उगवणार होतं. अन्वयचा हात टेबलावरच्या बटणापाशी होता. बंद करायचं तर तेच बटण.

बंद दाराच्या आत, अंधारात, मुलं कोंडलेली होती. काजळी दाराकडे तोंड करून उभी राहिली. इतका वेळ काही झालं नाही, की अन्वयने माझ्याकडे पाहिलं.

मग दाराआडून इरावती बोलली. माझा पंचविशीतला आवाज, हसू ओठांवर ठेवून बोलणारा, पण आता त्यात हसू नव्हतं.

"कुठली शाळा तुझी? दार उघड, मी पळत जाऊन बघून येते. नंबर सांग."

अन्वयने बटणावरचा हात काढून घेतला.

काचेआड वैजूने डोळे उघडले. आपली ओळ एवढीच आहे, पुढचं यंत्र बोलणार आहे, आपण गप्प बसायचं आहे, हे सगळं तिला सकाळी दोनदा समजावलं होतं. ती माईककडे वाकली. इतक्या वर्षांनीही तिला आपला नंबर पाठ होता. तिने एकेक आकडा सुटा करून सांगितला.